हाजींच्या हातावरची बाई

रशीद गावात लग्न ठरलं की लोक आधी मिठाईवाल्याकडे जातात की आधी इनशिराहकडे, यावर वाद घालता येईल. पण तिच्या मेंदीशिवाय लग्न लागलं असं गेल्या सोळा वर्षांत कुणी ऐकलेलं नाही. मेंदी तीनदा चाळून घ्यायची, तांब्याच्या परातीत लिंबू पिळायचं, काळ्या चहाचं गरम पाणी अंदाजाने सोडायचं आणि मग अशी मळायची की रोटीच्या कणकेनं लाजावं, ही तिची रीत. नवरीचे तळवे आणि बोटांची टोकं ती रंगवायची आणि मुलीच्या आईला तोंडावर सांगायची, "रंग चढला नाही तर माझी मेंदी नाही, तुझ्या पोरीची कातडी बघ."

वय अठ्ठेचाळीस. अंगाने भरलेली, जिभेची तिखट, आणि चालताना अजून कमरेत एक ठेका, तो ती काळी चादर आवळून लपवायची. कारण रशीदच्या लोकांना तिनं सांगितलेलं आयुष्य जरा वेगळं होतं. नवरा इद्रीस कापसाच्या गिरणीत कामाला होता, तो वारला, म्हणून चार वर्षांच्या रावीयाला घेऊन ती इथं आली, असं ती सांगायची. त्यात नवरा खरा, त्याचं वारणं खरं, रावीया तर खरीच. गिरणी तेवढी खोटी. इद्रीस ढोल वाजवायचा आणि त्या ढोलापुढे इनशिराह नाचायची, डोक्यावर नऊ मेणबत्त्यांचं शमादान घेऊन. तंता शहरातल्या मोठ्या उरुसात तिच्या तंबूपुढे माणसांची दाटी व्हायची. यात लाज वाटण्यासारखं काय आहे असं मला विचाराल तर काहीच नाही. पण सोयरिकीच्या वेळी मला विचारतो कोण?

सोयरीक मात्र नामी जमली होती. मुलगा मुंतसिर, नदीकाठी होड्या बांधणाऱ्या हाजी मुतवल्लींचा थोरला. त्यानं रावीयाला शिवणाच्या दुकानात पाहिलं आणि आठवडाभरात त्याच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं तुटली. हाजी म्हणजे गावात वजन असलेला माणूस. होड्यांच्या कारखान्यात बाकीचे कारागीर उघड्या दंडांनी रंधा मारायचे. हाजी मात्र भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या घालून उभे. लोक म्हणायचे, याला म्हणतात मर्यादा.

बोलणी पक्की करायला हाजी आणि त्यांची बायको रतीबा इनशिराहकडे आले. सोयरीक पक्की झाल्याची फातिहा पढून झाली. तळलेले मासे आणि कांद्याचा तपकिरी भात सगळ्यांनी पोटभर खाल्ला. जेवणानंतर इनशिराह तस्त आणि सुरई घेऊन उठली आणि व्याह्यांच्या हातावर पाणी घालू लागली. हाजींचे दोन्ही हात साबणाने भरलेले, त्यात उजवी बाही ओली होऊन जड झालेली. ती वर करायला त्यांनी हात झटकला आणि बाही सरळ कोपरापर्यंत गेली.

मनगट आणि कोपराच्या मध्ये, हाताच्या आतल्या अंगाला, गोंदलेली नाचणारी होती. निळसर हिरवी. डोक्यावर शमादान, दोन्ही हात वर, कमर एका बाजूला काढलेली, आणि चेहरा अंगाच्या मानाने मोठा. हनुवटीवर तीन टिपके एकाखाली एक. चौथा टिपका रांग सोडून, डावीकडे, भलतीकडेच.

हाजींनी घाईघाईनं बाही खाली ओढली.

"विहीणबाई, पाणी," रतीबा शांतपणे म्हणाली. "तस्त भरून सतरंजीवर चाललंय."

इनशिराहच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि सुरईतलं सतरंजीवर सांडत होतं. ती काहीतरी हसली, फडकं आणायला आत गेली आणि चुलीपाशी तशीच उभी राहिली. आपण फडकं आणायला आलो आहोत हेच तिला आठवेना.

तो चौथा टिपका तिचा स्वतःचा होता. तिच्या वयाच्या अर्ध्या बायकांच्या हनुवटीवर गोंदण असतं, त्यात विशेष काही नाही. पण ती सहा वर्षांची असताना गोंदणारीनं सात सुया एकत्र बांधून तिसरा टिपका टोचला, तेव्हा इनशिराहनं मान हिसडली आणि सुया बाजूला लागल्या. मग तिसरा पुन्हा जागेवर टोचावा लागला. आईनं गोंदणारीला शिव्या दिल्या, गोंदणारीनं पोरीला दिल्या, आणि टिपका राहिला तो राहिला. पुढे ती नाचायला लागली तेव्हा उरुसात त्यांच्या तंबूशेजारी शिहाता नावाचा गोंदणारा बसायचा. गिऱ्हाइकांनी पसंत करावीत म्हणून त्याच्याकडे काचेखाली चित्रं लावलेली एक फळी होती. सिंह, मासा, नाग, तलवार, उंट. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्यानं इनशिराहला समोर बसवून तिचं चित्र काढलं आणि फळीवर लावलं. चौथा टिपकाही काढला. ती म्हणाली, "तो कशाला? ती चूक आहे." तो म्हणाला, "मग ही तू कशी होणार?" अठरा वर्षांची पोर, कौतुकानं फुगली नुसती. त्या वर्षी आणि पुढची चार वर्षं फौजेत निघालेली पोरं तिला हातावर घेऊन गेली. कुठली, किती, कुणी मोजलंय.

पाहुणे गेल्यावर तिनं रावीयाला सगळं सांगितलं. आई नाचायची हे रावीयाला माहीत होतं, पण घरात त्याबद्दल बोलायचं नाही असा नियम होता. हा नियम आईनंच केलेला आणि आज आईच मोडत होती.

"आई, नाचणारी गोंदवलेले हजार पुरुष असतील," रावीया म्हणाली.

"चार टिपके असलेली नाचणारी एकच आहे."

"एवढ्याशा वेळात तू टिपके मोजलेस?"

"माझी हनुवटी आहे ती. मला मोजायला लागत नाही."

"डास बसला असेल."

"तीस वर्षं?"

रावीया हसली, पण मग तिचाही चेहरा उतरला. मुंतसिर तिच्या मनात पुरता बसला होता. "त्यांना माहीत आहे का, की ती तूच?"

इथंच तर सगळं अडलं होतं. माहीत असेल तर फातिहा पढले कसे? माहीत नसेल तर बाही एवढ्या घाईनं का ओढली? हाजी झालेल्या माणसाला अंगावरच्या गोंदणाची लाज वाटते, म्हणून ओढली असेल. का तिनं पाहू नये म्हणून ओढली? आणि तिनंच का पाहू नये? इनशिराह एक धागा ओढायची आणि दुसरीकडे गाठ बसायची. तिनं आपल्या आठवणीतल्या सगळ्या माणसांचे चेहरे काढून पाहिले, त्यांत हाजी मुतवल्ली कुठं बसेनात. पण तंबूत मेणबत्त्या तिच्या डोक्यावर असायच्या आणि माणसं अंधारात. तिला सगळ्यांनी पाहिलं होतं, तिनं कुणालाच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हाजींकडून टोपलीभर मासे आले. चांगले हातभर लांबीचे.

"बघ, राग नाही," रावीया म्हणाली.

"किंवा मग हा निरोप आहे. आम्ही तुमच्या घरी खाल्लं ते परत केलं, आता हिशेब संपला."

"आई, मासे आहेत ते. खाऊन टाक."

त्या आठवड्यात निरोप सुरू झाले आणि इनशिराहच्या डोक्याचा भुगा झाला. आधी हाजींचा धाकटा भाऊ सांगून गेला, लग्नात दमनहूरची नाचणारी बोलावतोय, थाटात करू. दोन दिवसांनी त्याच घरची मोलकरीण आली, नाचणारी बिलकुल येणार नाही म्हणाली. का, ते तिला माहीत नव्हतं. इनशिराहनं विचार केला, हाजींनी आपली अब्रू झाकली. तासाभरानं वाटलं, नाही, हा टोमणा आहे. घरात एक आहे तेवढी पुरे, असं म्हणायचंय त्यांना. आणि ती या दोन्हींची सांगड घालत होती तेवढ्यात तीच मोलकरीण परत दारात.

"आमच्या बाईंनी सांगितलंय, नाचणारी हवी की नको ते विहीणबाईंनाच विचारून ये."

"मला?"

"तुम्हालाच. दोनदा म्हणाल्या, त्यांनाच विचार."

"सांग, तुमची मर्जी ती आमची मर्जी."

मोलकरीण गेली आणि इनशिराह उंबऱ्यातच बसली. हाजी काय ते एक वेळ कळलं असतं. आता रतीबा मधेच कुठून आली? रतीबा म्हणजे कमी बोलणारी, कुणाच्या लग्नकार्यालाही न जाणारी, लुकडी, ताठ बाई. तिच्या मनात काय आहे ते तिच्या चुलीलाही कळायचं नाही.

मेंदीच्या आदल्या दिवशी इनशिराहनं जे केलं ते दुसऱ्या कुणा बाईनं केलं असतं तर ती तिला गावभर हसली असती. मेंदीनं गोंदण झाकलं जात नाही हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत? कातडीच्या वर मेंदी बसते, गोंदण कातडीच्या आत असतं. नवऱ्यामुलींच्या आयांना तिनं हे शंभरदा सांगितलं असेल. पण भीती बसली की माणसाला आपलंच ज्ञान परकं होतं. तिनं दुपारी गुपचूप हनुवटीवर मेंदीचा गोळा थापला, वरून फडकं बांधलं आणि पडून राहिली. निदान चौथा टिपका लालात बुडेल, एवढीच आशा.

संध्याकाळी फडकं सोडलं. हनुवटी विटेसारखी लाल झाली होती आणि तिच्या मधोमध चारही टिपके असे उठून दिसत होते की आंधळ्यालाही मोजता यावेत.

रावीयानं आईकडे पाहिलं. तिला हसूही येत होतं आणि रडूही. "आई, हे काय केलंस गं?"

"मला काही कळत नाहीये," इनशिराह म्हणाली, आणि हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं असेल. "माझ्यामुळे तुझं लग्न मोडलं तर मी कुठं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी अंगणात बायका जमल्या तेव्हा नवरीची आई दाढ दुखते म्हणून तोंडाला फडकं बांधून फिरत होती. शेजारणींनी लवंग सुचवली, मिठाचं पाणी सुचवलं, एकीनं तर पक्कड आणू का विचारलं. ऊन उतरलं तसा लांबून ढोलाचा आवाज आला. नवऱ्याकडची मंडळी मेंदीचं ताट घेऊन निघाली होती, मेंदीच्या गोळ्यांत मेणबत्त्या खोचून, गाणी म्हणत.

ढोल दारापर्यंत आला आणि थांबला. ताट आत आलं नाही. आत आली एकटी रतीबा.

"विहीणबाई, जरा आतल्या खोलीत या."

खोलीत गेल्यावर रतीबानं दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "दाढ दुखते म्हणे."

"फार ठणकतेय."

"दाखव."

"अहो, काय दाखवायचं त्यात, सुजलीये."

रतीबानं हात पुढे केला आणि फडकं खाली ओढलं. त्या लाल हनुवटीवरचे चारही टिपके तिनं एकेक करून पाहिले.

"मेंदीनं गोंदण जातं होय गं?" ती म्हणाली. "आणि तू म्हणे मेंदीवाली."

म्हणजे ज्याची धास्ती घेतली तो पुरुष बाजूलाच राहिला होता. ओळखलं होतं ते हिनं.

"फातिहा झाली त्या दिवशीच ओळखलं मी तुला," रतीबा म्हणाली. "तू दार उघडलंस तेव्हाच. त्यांना काही पत्ता नाही. ते स्वतःच्या हाताकडे कधी बघतात? त्या हाताशेजारी मी निजले. तीस वर्षं. तुझा एकेक टिपका मला पाठ आहे. स्वयंपाक करताना, पोरं पाजताना, मनातल्या मनात किती भांडलेय तुझ्याशी, तुला काय माहीत. आणि तू निघालीस माझी विहीण."

"विहीणबाई, मी..."

"थांब. ताट दारात आहे. मी हाक मारली तर आत येईल, नाहीतर परत जाईल. मला एकच सांग. खरं सांग. तो तुझा कोण होता?"

काय सांगावं? इनशिराहला खरं माहीत होतं, पण खरं एवढं रिकामं होतं की ते खोट्यासारखंच वाटलं असतं. तीस वर्षं एक बाई जिच्यावर जळली, तिनं म्हणायचं, मी तुझ्या नवऱ्याला ओळखतही नाही? कोण विश्वास ठेवील? त्यापेक्षा होता माझा कोणीतरी, चूक झाली, माफ कर, असं म्हटलं तर ही बाई निदान रडेल, ओरडेल आणि मग ताट आत घेईल का? रावीया बाहेर नटून बसली होती. इनशिराहनं दोन्ही उत्तरं जिभेवर आणली आणि दोन्ही गिळली.

"कोणी नाही," अखेर ती म्हणाली. "माझ्या लेकीची शपथ. त्या दिवशी तुम्हां दोघांना पाहिलं ते पहिल्यांदा. माझं चित्र गोंदणाऱ्याच्या फळीवर होतं. ज्याला हवं तो घ्यायचा."

"हेच ते म्हणाले होते," रतीबा कोरडं हसली. "लग्नाच्या पहिल्या रात्री. मी विचारलं, ही कोण? म्हणाले, कोणी नाही. म्हटलं, कोणी नाही तर हातावर कशी? म्हणाले, मला होडी गोंदवून घ्यायची होती, फळीवर होडीच नव्हती, मागे माणसं खोळंबली होती, गोंदणारा घाई करत होता, म्हणून जे समोर होतं त्यावर बोट ठेवलं. होडी नव्हती म्हणे. अख्ख्या उरुसात होडीचं चित्र नाही? काय लहान पोर समजले होते मला?"

"पण नव्हतीच," इनशिराह म्हणाली.

रतीबानं मान वर केली.

"शिहाताकडे होडी नव्हती. त्याला होडी काढताच यायची नाही. शीड जमायचं नाही त्याला. एका वर्षी कुणा मासेवाल्याच्या आग्रहानं काढली, तर ती चपलेसारखी दिसायला लागली. पोरं फळीपाशी येऊन विचारायची, उस्ताद, दुसऱ्या पायातली कुठाय? त्यानं चिडून फाडली ती. त्यानंतर होडी मागणाऱ्याला तो हाकलूनच द्यायचा, नाहीतर दुसरं काहीतरी गळ्यात मारायचा. मी शेजारीच बसायचे, विहीणबाई. रोज ऐकायचे."

रतीबा खाली बसली, रावीयाच्या कपड्यांच्या पेटीवर, आणि गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिली. इनशिराहला वाटलं ती रडतेय, पण ती रडत नव्हती. काहीतरी आठवत होती बहुतेक. बाहेर ढोलवाला कंटाळून दोन थापा मारायचा आणि थांबायचा.

"म्हणजे खरं बोलत होते," रतीबा म्हणाली.

"हो."

"मी त्यांना म्हटलं होतं, ही बाई मला पुन्हा दिसता कामा नये. या घरात नाही, बाहेर नाही. तेव्हापासून बाही. आणि ते एकदाही उलटून बोलले नाहीत गं. मी मनाशी म्हणायचे, बघ, मनात चोर आहे म्हणून गप्प आहेत."

समजूत घालावी तर कशाची? माफी मागावी तर आपण काय केलं? तिनं फडकं पुन्हा तोंडाला बांधायला घेतलं, तर रतीबानं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि बाजूला टाकलं.

"राहू दे. लोकांना सांगू, मेंदी मळताना खाज आली."

ती उठली, दार उघडलं आणि अशा आवाजात हाक मारली की ढोलवाला दचकला. ताट आत आलं. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गलका केला. रावीयानं आईकडे पाहिलं, आईच्या लाल उघड्या हनुवटीकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं, आणि तिला कशाचाच मेळ लागेना.

रीतीप्रमाणे पहिलं बोट घरातल्या वडील माणसानं मेंदीत बुडवायचं. रतीबानं ताटातला एक गोळा उचलला आणि अंगणाच्या पुरुषांच्या बाजूला सरळ हाजींसमोर जाऊन उभी राहिली.

"हात द्या."

हाजींनी डावा हात पुढे केला.

"तो नको. दुसरा."

हाजींनी उजवा पुढे केला, मनगटापर्यंत झाकलेला.

"बाही वर घ्या. उकडतंय."

"कुठं उकडतंय? वारा सुटलाय," हाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पार गोंधळून गेला होता. हळू आवाजात ते म्हणाले, "अगं, लोक आहेत."

"असू देत."

ते तसेच उभे राहिले, चूक कुठं झाली ते न कळलेल्या पोरासारखे. मग रतीबानंच मेंदीचा हात मागे धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या मनगटाचं बटण सोडलं. एकेक घडी घालत बाही कोपराच्या वर नेली. कुणी नाचणारीकडे पाहिलं, कुणी पाहिलं नाही. इनशिराहनं तर नजरच फिरवली.

रतीबा चित्राकडे पाहत नव्हती. ती भोवतालच्या कातडीकडे बघत होती. पंजा उन्हानं रापून काळा झालेला, आणि मनगटाच्या वरचा हात तान्ह्या पोराच्या अंगासारखा पांढरा. उजेडच न लागलेला. हातात मेंदी घेऊन ती तशीच उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अहो, तुम्हांला उन्हाळ्यात किती उकडलं असेल."

हाजींना अजूनही काही कळलं नव्हतं. "सवय झाली," ते म्हणाले.